राइझ की रेझ? पाणी वाढणे आणि दरवाजे उचलणे यांतील फरक

पावसाळा भरात आला की सांगलीकरांचे लक्ष कृष्णा नदीवरील आयर्विन पुलाजवळच्या पाण्याच्या पातळीकडे लागते. ४० फूट ही तिथली इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्याच दिवसांत परराज्यातील नातेवाइकांना, पुण्या-मुंबईच्या कार्यालयातील वरिष्ठांना किंवा बँकेच्या मुख्यालयाला इंग्रजीतून परिस्थिती कळवण्याची वेळ अनेकांवर येते आणि त्या संदेशांत एक चूक हमखास डोकावते : ‘द वॉटर लेव्हल रेझ्ड बाय टू फीट.’ लिहिणाऱ्याला म्हणायचे असते की पाण्याची पातळी दोन फुटांनी वाढली. त्यासाठी इंग्रजीत ‘द वॉटर लेव्हल रोझ बाय टू फीट’ असे वाक्य हवे.

राइझ (rise) आणि रेझ (raise) ही दोन क्रियापदे दिसायला आणि ऐकायला जवळची आहेत, आणि शब्दकोशात दोघांच्याही पुढे ‘वाढ’, ‘वर’, ‘उठ’ असेच काहीतरी सापडते. म्हणून नवशिका माणूस त्यांना पर्यायी शब्द समजतो. प्रत्यक्षात त्यांच्यातील भेद आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे, कारण तो मराठीत जसाच्या तसा आहे : वाढणे आणि वाढवणे, उठणे आणि उठवणे, चढणे आणि चढवणे. जी गोष्ट आपली आपण वर जाते, तिच्यासाठी राइझ. जिला दुसरे कोणी वर नेते, तिच्यासाठी रेझ. व्याकरणाच्या भाषेत राइझ अकर्मक आहे आणि रेझ सकर्मक. एवढी व्याख्या कोणत्याही पुस्तकात मिळते. पण लिहिताना, बोलताना ती वेळेवर आठवत नाही, ही खरी अडचण आहे. ती दूर करण्यासाठी खालील क्रमाने जावे, असे माझे सुचवणे आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी, नुकतेच नोकरीला लागलेले लिपिक आणि व्यापारानिमित्त इंग्रजीत पत्रव्यवहार करू लागलेले तरुण यांना डोळ्यांसमोर ठेवून हा क्रम लावला आहे.

पायरी १ : वाक्य आधी मराठीत, भूतकाळात उभे करा

इंग्रजीत थेट विचार करावा, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. तो पुढच्या टप्प्यावर उपयोगी आहे. मात्र या जोडीच्या बाबतीत नवशिक्याने आपल्या भाषेचा आधार सोडू नये, कारण इथे मराठी इंग्रजीपेक्षा अधिक स्पष्ट आहे. इंग्रजीत ‘इन्क्रीज’ हे एकच क्रियापद ‘वाढणे’ आणि ‘वाढवणे’ या दोन्ही अर्थांनी चालते. त्याची सवय झालेला माणूस राइझ आणि रेझ यांनाही तसेच वापरू पाहतो. मराठीत मात्र ‘हळदीचा भाव वाढला’ आणि ‘व्यापाऱ्याने हळदीचा भाव वाढवला’ यांची सरमिसळ चौथीतले मूलही करणार नाही. भूतकाळच का घ्यावा, हे पुढच्या पायरीत स्पष्ट होईल.

पायरी २ : ‘ने’ शोधा

मराठीतील सकर्मक क्रियापद साध्या भूतकाळात आले की करणाऱ्याला बहुधा ‘ने’ किंवा ‘नी’ हा प्रत्यय लागतो. अकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला तो सहसा लागत नाही. हीच आपली कसोटी आहे.

‘भाव वाढला’ या वाक्यात कोणालाही ‘ने’ नाही, म्हणून ‘द प्राइस रोझ’. ‘व्यापाऱ्याने भाव वाढवला’ यात व्यापाऱ्याला ‘ने’ आहे, म्हणून ‘द ट्रेडर रेझ्ड द प्राइस’. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे पाहिलेल्या कोणालाही हा फरक समजावून सांगावा लागत नाही. सौद्यात खरेदीदार बोली वाढवतात, म्हणजे ‘द बायर्स रेझ देअर बिड्स’. आणि बोली वाढवल्यामुळे दर वाढतो, म्हणजे ‘द प्राइस राइझेस’. एकाच घडामोडीची ही दोन टोके आहेत. माणसे जे करतात ते रेझ, आणि त्यातून दराचे जे होते ते राइझ.

‘मी’, ‘तू’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’ हे कर्ते असतील तर ‘ने’ दिसत नाही. तिथे क्रियापद कोणाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते ते पाहावे. ‘मी भाव वाढवला, मी किंमत वाढवली, मी दर वाढवले’ या तिन्ही वाक्यांत क्रियापद ‘मी’ला सोडून भाव, किंमत आणि दर यांच्यामागे गेले आहे, म्हणजे इथे कर्म आहे आणि रेझ हवे. याउलट ‘मी उठलो, मी उठले’ यात क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलते, तिथे राइझ. (रोजच्या बोलण्यात सकाळी उठण्यासाठी ‘गेट अप’ म्हणतात, राइझ त्या अर्थाने थोडे भारदस्त वाटते.)

पायरी ३ : कसोटी कुठे चुकवते ते आधीच पाहून ठेवा

कोणतीही कसोटी सर्वत्र लागू पडत नाही. या कसोटीला गोंधळात टाकणाऱ्या तीन जागा आहेत.

पहिली जागा वर्तमानपत्री मराठीची. ‘कृष्णेने धोक्याची पातळी ओलांडली’, ‘हळदीच्या दराने उसळी घेतली’, ‘तापमानाने चाळिशी गाठली’ अशा वाक्यांत ‘ने’ आहे, पण नदीने, दराने किंवा तापमानाने कोणाला काही केलेले नाही. ही अलंकारिक मांडणी आहे. अशा वेळी वाक्य आधी साध्या मराठीत सोडवून घ्यावे : नदीचे पाणी धोक्याच्या पातळीच्या वर गेले, दर एकदम वाढला, तापमान चाळीस अंशांवर गेले. ‘ने’ आपोआप गळून पडतो आणि राइझ हाती लागते : ‘द रिव्हर रोझ अबव्ह द डेंजर लेव्हल.’ ‘ओलांडली’ या शब्दाला धरूनच राहायचे असेल तर ‘क्रॉस्ड’ हे क्रियापद आहेच. मात्र ‘द रिव्हर रेझ्ड’ कधीही चालत नाही.

दुसरी जागा खुद्द ‘वाढणे’ या क्रियापदाची, कारण त्याचे संसार अनेक आहेत. ‘आईने भाकरी वाढली’ यात ‘ने’ आहे, पण तिथे अर्थ ताटात वाढण्याचा आहे आणि इंग्रजीत ‘सर्व्ह’ लागते. ‘मूल वाढले’, ‘ऊस वाढला’, ‘गर्दी वाढली’ या वाक्यांत ‘ने’ नसला तरी राइझ बसत नाही. तिथे ‘ग्रो’ हवे. ‘पावसाचा जोर वाढला’ याला ‘द रेन रोझ’ म्हणता येत नाही. ‘द रेन बिकेम हेविअर’ म्हणावे लागते. राइझ हे मुख्यत्वे अशा गोष्टींसाठी वापरावे ज्यांची पातळी मोजता येते, अर्थात पाणी, दर, तापमान, व्याज, संख्या, खर्च. किंवा ज्या खरोखरच वरच्या दिशेने जातात, जसे सूर्य, चंद्र, धूर, वाफ. गुऱ्हाळाच्या चुलवणातून धूर वर जातो, तेव्हा ‘स्मोक राइझेस’. इडलीचे पीठ फुगून वर येते, त्यालाही ‘द बॅटर हॅज रिझन’ म्हणतात.

तिसरी जागा ज्यात कर्ता सांगितलेलाच नसतो अशा वाक्यांची. ती इतकी महत्त्वाची आहे की तिच्यासाठी स्वतंत्र पायरी ठेवली आहे.

पायरी ४ : रूपे तोंडात बसवा

राइझची रूपे राइझ, रोझ, रिझन. रेझची रूपे रेझ, रेझ्ड, रेझ्ड. पहिले क्रियापद आतून बदलते, दुसऱ्याला शेवटी प्रत्यय लागतो. चालू क्रिया दाखवताना एक ‘राइझिंग’ होते आणि दुसरे ‘रेझिंग’.

उच्चारात शेवटचा वर्ण ‘स’ असा काढू नये. ‘राइस’ म्हटले तर भात होतो आणि ‘रेस’ म्हटले तर शर्यत. ‘जहाज’ किंवा ‘जवळ’ म्हणताना जीभ जिथे जाते, त्याच्या आसपास हा ध्वनी आहे, फक्त थोडा अधिक घासून काढायचा. ‘रिझन’मधला पहिला स्वर ऱ्हस्व ठेवावा, तो लांबवला तर ऐकणाऱ्याला ‘कारण’ या अर्थाचा ‘रीझन’ ऐकू येतो. आणखी एक सावधगिरी लिहिताना बाळगावी. रेझसारखाच उच्चार असलेले, पण मध्ये ‘आय-एस’ऐवजी ‘झेड’ असलेले एक वेगळे क्रियापद इंग्रजीत आहे आणि त्याचा अर्थ जमीनदोस्त करणे असा आहे. ‘इमारत उभारली’ असे लिहायला जाऊन ‘इमारत पाडली’ असे लिहिले जाण्याचा धोका एक-दोन अक्षरांच्या अंतरावर आहे.

रूपांच्या संदर्भात मराठी माणसाची एक खास चूक इथेच सांगून ठेवतो. ‘पाणी वाढले आहे’ यातील ‘आहे’ पाहून हात आपोआप ‘इज’ लिहितो आणि वाक्य ‘द वॉटर इज रिझन’ असे होते. मराठीतील ‘वाढले आहे’ला इंग्रजीत ‘हॅज’ लागतो : ‘द वॉटर हॅज रिझन.’ तसेच ‘वाढले होते’ला ‘वॉज’ न लावता ‘हॅड’ लावावा : ‘द वॉटर हॅड रिझन.’ ‘वाढत आहे’ असेल तेव्हाच ‘इज’ योग्य ठरतो : ‘द वॉटर इज राइझिंग.’ ‘वॉज रोझ’ आणि ‘वॉज रिझन’ ही रूपे आजच्या इंग्रजीत कुठेच बसत नाहीत. ती लेखनात दिसली की तपासणाऱ्याला लिहिणाऱ्याचा गोंधळ तत्काळ कळतो.

पायरी ५ : कर्ता लपलेला असेल तेव्हा थांबा

हा या विषयाचा गाभा आहे, आणि इथे घाई करू नये.

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात कोयना धरण आहे. त्याची साठवण क्षमता सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) असून सांडव्यावर सहा वक्र दरवाजे आहेत. पाणलोट क्षेत्रात पाऊस झाला की जलाशयाची पातळी वाढते. ती ठरावीक मर्यादेच्या वर जाऊ नये म्हणून दरवाजे काही फुटांनी उचलले जातात. सोडलेले पाणी कोयना नदीतून कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीत नदीची पातळी वाढते. या साखळीत तीन क्रिया आहेत. जलाशय वाढला : राइझ. दरवाजे उचलले : रेझ. नदी वाढली : पुन्हा राइझ. मधली एकच क्रिया माणसाच्या हातची आहे.

आता बातमीत सहसा ‘धरणाचे दरवाजे तीन फुटांनी उचलण्यात आले’ असे येते. कोणी उचलले ते सांगितलेले नाही, म्हणून ‘ने’ नाही. कसोटी वरवर लावणारा इथे ‘द गेट्स रोझ बाय थ्री फीट’ लिहून मोकळा होईल आणि वाचणाऱ्याला वाटेल की दरवाजे आपोआप वर गेले. अशा वेळी स्वतःला विचारावे : हे काम कोणीतरी केले का? उत्तर होय असेल तर नाव सांगितलेले असो वा नसो, रेझच वापरावे आणि ते कर्मणी रूपात ठेवावे : ‘द गेट्स वेअर रेझ्ड बाय थ्री फीट.’ मराठीत ‘-ण्यात आले’ किंवा ‘-ले गेले’ अशी शेपूट दिसली की ती लपलेल्या कर्त्याची खूण समजावी.

उलट बाजूने होणारी चूक अधिक गंभीर आहे. ‘द वॉटर लेव्हल ॲट सांगली वॉज रेझ्ड’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, तपासणीचे कोणतेही सॉफ्टवेअर त्याखाली लाल रेघ ओढणार नाही. पण त्याचा अर्थ असा होतो की सांगलीतील पाण्याची पातळी कोणीतरी वाढवली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हापासून कोणत्या धरणातून किती पाणी कधी सोडले आणि कोणत्या धरणाची फूग, म्हणजे मागे तुंबणारे पाणी, कुठवर येते, यावर या भागात पोटतिडकीने बोलले जाते. अशा विषयावर निवेदन, विमा कंपनीला पत्र किंवा नुकसानीचा अहवाल इंग्रजीत लिहिणाऱ्याने ‘रोझ’ लिहायचे की ‘वॉज रेझ्ड’, हे जाणूनबुजून ठरवायला हवे. पहिल्याने घटना सांगितली जाते, दुसऱ्याने जबाबदारीकडे बोट दाखवले जाते. जबाबदारी दाखवायची असेल तर ती आधारासह आणि उघड दाखवावी. क्रियापदाच्या चुकीतून अनवधानाने दाखवू नये.

हाच विवेक पैशांच्या व्यवहारात लागतो. ‘द फीज रोझ’ म्हणजे शुल्क वाढले. ‘द फीज वेअर रेझ्ड’ म्हणजे शुल्क वाढवण्यात आले. ‘द रेंट हॅज रिझन’ म्हणजे भाडे वाढले आहे, कदाचित त्या परिसरातच सगळीकडे. ‘द रेंट हॅज बीन रेझ्ड’ म्हणजे घरमालकाने ते वाढवले आहे. दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, पण तक्रार अर्जात दुसरेच कामाचे आहे. रेझ वापरल्यावर वाक्यात कर्म हवे, किंवा कर्मणी रचना हवी. या दोहोंपैकी काहीच नसेल, जसे ‘द प्राइस रेझ्ड’, तर ते वाक्य चुकलेले आहे हे डोळे मिटून समजावे.

पायरी ६ : किती आणि कुठपर्यंत

क्रियापद बरोबर निवडल्यावर शब्दयोगी अव्ययात पाय घसरतो. मराठीतील ‘-नी’, म्हणजे फरक दाखवणारा प्रत्यय, इंग्रजीत ‘बाय’ होतो. ‘-वर’ किंवा ‘-पर्यंत’ याचा ‘टू’ होतो. आणि ‘-वरून’चा ‘फ्रॉम’. हे दोन्ही क्रियापदांना सारखेच लागू आहे.

या भागातील ऊस उत्पादकांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. केंद्र सरकारने २०२४-२५ च्या हंगामासाठी उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, क्विंटलला ३१५ रुपयांवरून ३४० रुपये केली. सरकारने केली, म्हणून रेझ : ‘द गव्हर्न्मेंट रेझ्ड द एफआरपी फ्रॉम ३१५ रुपीज टू ३४० रुपीज.’ फरक सांगायचा असेल तर ‘रेझ्ड इट बाय २५ रुपीज’. इथे ‘बाय’ आणि ‘टू’ यांची अदलाबदल झाली तर २५ रुपयांनी वाढलेली एफआरपी २५ रुपयांवर आल्याचे वाचले जाईल.

नाम म्हणून वापरताना राइझच्या पुढे ‘इन’ येते : ‘अ राइझ इन टेम्परेचर’, तापमानातील वाढ. पगारवाढीला ब्रिटिश इंग्रजीत ‘पे राइझ’ म्हणतात आणि अमेरिकन इंग्रजीत नुसते ‘रेझ’. आपल्याकडच्या कार्यालयांत ‘हाइक’ आणि ‘इन्क्रिमेंट’ हे शब्द रुळले आहेत, ते वापरायला हरकत नाही. दोन्ही क्रियापदांना ‘अप’ जोडण्याची सवय मात्र टाळावी. ‘प्राइसेस रोझ अप’ असे म्हणत नाहीत; वरची दिशा क्रियापदातच आहे. ‘राइझ अप’ ही जोडी मुख्यत्वे बंड करून उठण्यासाठी वापरली जाते.

पायरी ७ : दोघांची आपापली माणसे ओळखा

आतापर्यंतचा भाग तर्काने सुटतो. यापुढचा भाग सहवासाने येतो, कारण प्रत्येक क्रियापदाबरोबर काही शब्द नेहमी दिसतात आणि ते जोडीनेच लक्षात ठेवावे लागतात.

राइझच्या बाबतीत सातारा आणि सांगली हे जिल्हे स्वतःच चांगला पाठ देतात. नदी उगम पावते, यासाठी इंग्रजीत राइझ वापरतात : ‘द कृष्णा राइझेस नीअर महाबळेश्वर.’ किल्ला किंवा डोंगर शहराच्या वर उभा दिसतो, त्यालाही राइझ : ‘अजिंक्यतारा राइझेस अबव्ह सातारा.’ लोक सत्तेविरुद्ध उठतात, त्यालाही हेच क्रियापद. १९४२ च्या लढ्यात तत्कालीन सातारा जिल्ह्यातील लोक ब्रिटिशांविरुद्ध उठले आणि क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. हे इंग्रजीत सांगताना ‘द पीपल ऑफ सातारा रोझ अगेन्स्ट ब्रिटिश रूल’ असे लिहावे. त्याच काळात कचेऱ्यांवर मोर्चे काढून तिरंगा लावला गेला, तो मात्र ‘रेझ्ड’, कारण झेंडा स्वतः वर जात नाही, त्याला कोणाचा तरी हात लागतो. सामान्य माणूस कर्तृत्वाने मोठ्या पदावर पोहोचतो, तिथेही राइझ आहे : ‘शी रोझ टू द पोस्ट ऑफ कलेक्टर.’

रेझची माणसे वेगळी आहेत. मुले वाढवणे, शेळ्या-मेंढ्या पाळणे, निधी उभारणे, कर्ज उभारणे, हात वर करणे, आवाज चढवणे, हरकत घेणे, मुद्दा मांडणे, जनजागृती करणे, या सर्वांना रेझ लागते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि तिच्यासाठी गावोगाव फिरून लोकांकडून मदत जमवली. ‘ही रेझ्ड फंड्स’ हा प्रयोग समजावून देण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला सापडत नाही. आवाजाच्या बाबतीत थोडे जपून वापरावे. ‘डोन्ट रेझ युअर व्हॉइस’ म्हणजे माझ्यावर आवाज चढवू नका. पण ‘टू रेझ वन्स व्हॉइस अगेन्स्ट इनजस्टिस’ म्हणजे अन्यायाविरुद्ध आवाज उठवणे, आणि ते गौरवाने म्हटले जाते. मराठीतही चढवणे आणि उठवणे यांत हाच भेद आहे. पिकांसाठी रेझ अमेरिकेत ऐकू येते, पण द्राक्ष, हळद, ऊस यांच्याबद्दल लिहिताना ‘ग्रो’ अधिक निर्धोक आहे.

कार्यालयीन इंग्रजीत रेझचा वापर सतत होतो : ‘रेझ अ कम्प्लेंट’, ‘रेझ अ रिक्वेस्ट’, ‘रेझ ॲन इनव्हॉइस’. नवीन कर्मचाऱ्याने हे तीन प्रयोग पहिल्या आठवड्यातच आत्मसात करावेत.

पायरी ८ : तिसऱ्याची ओळख ठेवा

‘प्रश्न निर्माण झाला’ याला ‘अ क्वेश्चन रोझ’ असे लिहिले जाते, आणि ते चुकीचे आहे. प्रश्न, अडचण, वाद, शंका यांच्यासाठी अराइझ हे वेगळे क्रियापद आहे. त्याची रूपे अराइझ, अरोझ, अरिझन. पुन्हा तीच कसोटी उपयोगी पडते. ‘ग्रामसभेत पाणीपट्टीचा प्रश्न निर्माण झाला’ : ‘द क्वेश्चन अरोझ’. ‘ग्रामसभेत सदस्यांनी पाणीपट्टीचा प्रश्न उपस्थित केला’ : ‘द मेंबर्स रेझ्ड द क्वेश्चन’. एखाद्या गोष्टीमुळे दुसरी उद्भवते, तिथे ‘गिव्ह राइझ टू’ म्हणतात.

जाता जाता थोडे मुळाविषयी. राइझ हे इंग्रजीचे जुने घरचे क्रियापद आहे. रेझ हे उत्तरेकडील नॉर्स लोकांच्या भाषेतून आले, आणि त्या भाषेत ते ‘उठणे’ या क्रियापदाचे प्रयोजक रूप होते. म्हणजे स्वर बदलून ‘होणे’चे ‘करवणे’ करण्याची जी रीत आपल्या पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे यांत दिसते, तशीच रीत त्या भाषांतही होती. इंग्रजीत तिचे अवशेषच उरले आहेत : आडवे होण्यासाठी ‘लाय’ आणि आडवे ठेवण्यासाठी ‘ले’, बसण्यासाठी ‘सिट’ आणि बसवण्यासाठी ‘सेट’. राइझ-रेझ पक्के झाल्यावर या दोन जोड्या त्याच कसोटीने हाताळून पाहाव्यात.

पायरी ९ : एक परिच्छेद सोडवून पाहा

सरावासाठी पुढे एक कल्पित बातमी दिली आहे. आधी कागदावर स्वतः इंग्रजी करावे आणि मगच खालचे स्पष्टीकरण वाचावे.

‘कोयना धरणातील पाण्याची पातळी झपाट्याने वाढत आहे. त्यामुळे धरणाचे दरवाजे उचलण्यात आले. सांगलीत कृष्णेने इशारा पातळी ओलांडली असून भाज्यांचे दर कडाडले आहेत. काही वाहनधारकांनी भाडे वाढवल्याचा मुद्दा नागरिकांनी मांडला. पूरग्रस्तांसाठी तरुण मंडळे निधी उभारत आहेत. पाणी ओसरल्यावर रोगराईचा प्रश्न निर्माण होऊ शकतो.’

पहिल्या वाक्यात पातळी आपोआप वाढते आहे आणि क्रिया चालू आहे : ‘इज राइझिंग’. दुसऱ्यात कर्ता लपलेला आहे : ‘वेअर रेझ्ड’. तिसऱ्यातील ‘कृष्णेने’ हा अलंकार सोडवला की ‘हॅज रिझन अबव्ह द वॉर्निंग लेव्हल’ मिळते, आणि कडाडलेल्या दरांनाही ‘हॅव रिझन शार्पली’ हेच बसते. दर कोणी मुद्दाम वाढवले असा आरोप बातमीत नाही, म्हणून तो इंग्रजीतही येऊ नये. चौथ्या वाक्यात रेझ दोनदा लागते, एकदा वाहनधारकांसाठी आणि एकदा नागरिकांसाठी : ‘सिटिझन्स रेझ्ड द पॉइंट दॅट सम व्हेइकल ओनर्स हॅड रेझ्ड देअर फेअर्स.’ एकाच वाक्यात तो शब्द दोनदा येणे खटकले, तर पहिल्या ठिकाणी ‘कम्प्लेन्ड’ वापरता येईल. पाचव्यात ‘आर रेझिंग फंड्स’. शेवटच्या वाक्यात प्रश्न कोणी उपस्थित करत नाही, तो उद्भवण्याची शक्यता आहे, म्हणून ‘मे अराइझ’. आणि हाच प्रश्न उद्या एखाद्या नगरसेवकाने सभेत मांडला, तर त्या बातमीत ‘रेझ्ड’ येईल.